आखाजी, लिनक्स आणि फुईचा न्याय

आमच्या घरात संगणकाला संगणक कोणी म्हटलंच नाही. सगळ्यांसाठी ते 'वैशूचं खोकं' होतं. जळगावच्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी पोरांना शिकवायचे तो बंद पडला, तेव्हा सरांनी कोपऱ्यातलं एक जुनं मशीन मला देऊन टाकलं. बाकीची मशीनं विकली गेली. हे कोणी घेईना, कारण त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. गिऱ्हाईक यायचं, बटण दाबायचं, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धडाधडा पळायला लागल्या की घाबरून मागे सरायचं. मला नेमकं त्या ओळींचंच वेड. मशीन स्वतःशी काय बोलतंय ते सगळं सांगून टाकतं, पोटात काही ठेवत नाही, हा त्याचा स्वभाव मला माणसांपेक्षा बरा वाटायचा. केळी पोचवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत, सुकल्या पानांवर आडवं झोपवून मी ते भडगावला आणि तिथून गिरणेकाठच्या आमच्या गावाला आणलं. मधल्या खोलीत दादर ज्वारीच्या पोत्यांशेजारी त्याची स्थापना झाली. धूळ बसू नये म्हणून मायने वरून आपलं जुनं लुगडं टाकलं, आणि येणारी-जाणारी बाई खोलीत डोकावून विचारायची, "कोन निजेल शे वं तठे?"

कामाची बातमीही सरांनीच कळवली. पुण्याची एक संस्था साक्रीकडच्या डोंगरातल्या शाळांमध्ये लिनक्सचे संगणक बसवणार होती आणि ते सांभाळायला तिकडे राहणारं माणूस हवं होतं. त्या गावांना टेलिफोनची तार कधी गेलीच नव्हती. होती ती फक्त मोबाईलची रेंज, तीही टेकाडावर चढलं तर. म्हणून त्यांनी परीक्षा मोठी मजेशीर ठेवली होती. पेपर नाही, पुण्याला बोलावणं नाही. आपापल्या गावातून, लिनक्सच्या मशीनला मोबाईल जोडून, ठरल्या दिवशी दुपारी चार वाजता आमच्या चॅटवर या. जो येईल त्याच्याशी बोलू. सायबर कॅफेतून आलात तर आम्हाला कळतं, असंही खाली लिहिलं होतं. म्हणजे इंटरनेट जोडणं हीच परीक्षा! ते वाचून मी अंगणात अशी ओरडले की गोठ्यातली वासरी दावं ओढून उभी राहिली. दिवस नेमका आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा निघाला. पुण्याच्या लोकांना तो सुटीचा दिवस म्हणून सोयीचा वाटला असेल. आमच्याकडे आखाजीला घरात मुंगीलाही बसायला जागा नसते, हे त्यांना कोण सांगणार?

मला ते काम हवं होतं. उगाच हातचं राखून कशाला सांगू, जीव तोडून हवं होतं. क्लास बंद झाल्यापासून मी घरी होते आणि गाव मला 'कम्प्युटरवाली' म्हणायचं, त्यात कौतुक चिमूटभर आणि चिमटा मूठभर. एवढी एकच गोष्ट मला मनापासून जमत होती, आणि तिचा उपयोग असलेली जागा अख्ख्या खानदेशात पहिल्यांदाच दिसत होती. ती हुकली असती तर मी ते लुगडं पुन्हा उचललंच नसतं. आबांना मात्र मी काही विचारलं नव्हतं. पोरगी एकटी साक्रीच्या डोंगरात राहणार, हे त्यांच्यापुढे बोलायची माझी छाती नव्हती. आधी मिळू तर दे, मग बघू, असं म्हणून मी तो विषय गुंडाळून ठेवला होता. बातमी मायच्या तोंडून त्यांच्या कानावर गेली होती आणि ते गप्प होते. आबांचं गप्प राहणं हे आमच्या घरातलं सर्वांत कठीण कोडं.

फोन आबांचाच होता. विहिरीवर लाईट आली की शेजारच्या शेतातून फोन यायचा, 'उनी, उनी', आणि आबा मोटार चालू करायला धावायचे. त्या फोनला लावायची डेटा केबल मी जळगावहून आणली. आता माझी भाची हे ऐकते तेव्हा तिला हसू आवरत नाही. "मावशी, हॉटस्पॉट चालू करायचा ना!" असं म्हणून ती बोटाने पडद्यावर टिचकी मारते. बाई गं, तेव्हा टिचकीने काही व्हायचं नाही. केबल लावायची, मशीनकडून फोनला स्टार नव्व्याण्णव हॅश असा नंबर फिरवायला लावायचा, मग फोन मोडेम बनायचा आणि पलीकडे कंपनीचं यंत्र उचलायचं. माझं तेवढं सगळं व्हायचं. 'कनेक्ट' अशी अक्षरं उमटायची, आणि दुसऱ्याच क्षणी शेवटची ओळ यायची: ऑथेंटिकेशन फेल. ओळख पटली नाही, फोन ठेवला.

ओळख पटली नाही म्हणजे आपलं नाव आणि पासवर्ड चुकला, असं मी धरून चालले. मग काय काय टाकून पाहिलं! दोन्ही रकाने रिकामे ठेवले. फोनचा नंबर टाकला, आधी शून्य लावून टाकला. कंपनीचं नाव बारीक अक्षरांत, मोठ्या अक्षरांत. एकदा वैतागून कुलदैवताचं नाव टाकलं, तेही पावलं नाही. शेवटी कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन लावला, तर तिकडचा पोरगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे नाव-पासवर्ड लागतच नाही. काहीही टाका." मी त्याच्याशी कडाकडा भांडले. काहीही म्हणजे काय? काहीही टाकून कुठे दार उघडतं का? आमच्याकडच्या माणसाला ही गोष्ट पटणं शक्यच नव्हतं. आम्ही बँकेत जातो तेव्हा रेशनकार्ड, लाईटबिल, दोन फोटो आणि सरपंचाचा दाखला असं सगळं पिशवीत घालून जातो, मागितलेलं असो वा नसो. काम झालं नाही तर आपलाच एखादा कागद कमी पडला, असं म्हणून मुकाट्याने एसटीत बसतो. त्याच सवयीने मी खोक्यापुढे बसून रोज आपले कागद शोधत होते.

अशात आखाजी उजाडली. आखाजी म्हणजे आमची दिवाळीच, पण लेकीबाळींची. सासरी गेलेल्या सगळ्या माहेरी येतात आणि त्या दिवशी त्यांना कामाचं कोणी नाव काढत नाही. निंबाच्या झाडाला सकाळपासून झोके लागले होते. दोराची करकर, पोरींची गाणी आणि मधूनच उंच गेलेल्या झोक्यावरची किंकाळी, या आवाजांनी अख्खी गल्ली भरून गेली होती. परसात मायने चुलीवर खापर पालथं घातलं होतं. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद त्या तापल्या खापरावर सोडायची, हे काम माय करायची तेव्हा बघणाऱ्याचा श्वास थांबायचा. तिच्या हातावरची पोळी कधी फाटलेली मी पाहिली नाही. घरभर वेलदोड्याचा आणि पिळलेल्या आंब्यांचा वास दरवळत होता. मी मात्र सकाळपासून पोत्याला पाठ लावून तोच नंबर फिरवत होते. त्यात आखाजी असूनही लाईट गेली. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी, पंखासुद्धा रडतखडत ओढायची. मी डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात आबा काही न बोलता बाहेर गेले आणि ट्रॅक्टरची बॅटरी काढून, खांद्यावर धोतराची घडी ठेवून तीवर उचलून घेऊन आले. इन्व्हर्टरला जोडली, हात झटकले आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. ते कोडं तसंच राहिलं.

नशिराबादची फुई म्हणजे आबांची थोरली बहीण. आवाज खणखणीत, पदर खोचलेला आणि तोंडाला लगाम नाही. तरुणपणी आखाजीला नदीच्या दोन काठांवरून दोन गावच्या पोरी एकमेकींना शिव्या-टोमण्यांनी न्हाऊ घालायच्या, त्यात आमच्या काठाची पुढारी फुई असायची. हा खेळ दरवर्षी संध्याकाळपर्यंत खऱ्या भांडणावर जायचा आणि मग तो मिटवायलाही फुईच लागायची. पुढे सासरी गेल्यावर भावबंदकीतली, जावाजावांची, बांधावरची सगळी भांडणं तिच्या ओट्यावर यायला लागली. न्याय करायची तिची रीत ठरलेली होती. कोण किती रडतंय, कोण किती ओरडतंय, तिकडे ती बघायचीच नाही. भांडण पहिल्या शब्दापासून क्रमाने सांगायला लावायची.

त्या दुपारी तीन वाजून गेले असतील. फुई आमरसाची वाटी घेऊन खोलीत आली.

"काय करी ऱ्हायनी वं? रस तपी गया ना."

"फुई, जुडी नही ऱ्हायनं," मी म्हणाले. चारला यायचंय, नाहीतर सगळं गेलं, एवढं कसंबसं सांगितलं. तिने वाटी पोत्यावर ठेवली, खाली मांडी घातली आणि पदर सावरून बसली, भांडण ऐकायला बसायची तशीच.

"कोन कोनासंगे जुडी नही ऱ्हायनं? बराबर सांग."

"आपलं खोकं आनि तथली कंपनी. फोन लागस, मंग दोन्हीसमा काय बिनसस कोन जाने, फोन तुटी जास."

"मंग पहिले कोन बोलनं?"

"ते कंपनीवाला म्हनतस, वळख पटनी नही..."

"ते म्हनतस ते ऱ्हाऊ दे. पहिले कोन बोलनं, ते सांग. भांडनमा शेवटला शब्द बठ्ठासले याद ऱ्हास. पहिला कोनले याद ऱ्हास नही."

मला आधी तिचा राग आला. इथे माझा जीव चाललाय आणि हिला न्याय सुचतोय! पण खरं सांगते, मी इतक्या दिवसांत फक्त शेवटची ओळ वाचत होते. मशीन सगळी कहाणी लिहून ठेवत होतं. कुठल्या ओळीत आपण काय पाठवलं, कुठल्या ओळीत तिकडून काय आलं, सगळं. ते माझ्या आवडत्या स्वभावाप्रमाणे काही लपवत नव्हतं आणि मी मात्र शेवटचा शब्द धरून रडत होते. मी वर सरकत सरकत भांडणाच्या सुरुवातीला गेले आणि फुईला एकेक ओळ तिच्या भाषेत सांगायला लागले.

"पहिले... पहिले आपन बोलनूत, फुई."

"काय बोलनूत?"

"आपन म्हनतस, तू कोन शे ते दखाड. तुना पासवर्ड सांग."

"आनि ते?"

"ते म्हनतस, आम्ही कोनले वळख दखाडतस नही."

"मंग?"

"मंग आपन म्हनतस, जाय तं मंग. आनि आपनच फोन ठेवी देतस."

फुईने मांडीवर थाप मारली. "अय माय! म्हंजे भांडन तं तुनंच खोकं करी ऱ्हायनं! घर आयेल पाव्हनाले कोनी दारमा उभं करीसन कागद मांगस का?"

कंपनी आपल्याला ओळखत नव्हती असं नाहीच! कंपनी दार उघडून उभी होती, आणि आमचंच खोकं, गिरणेकाठचं, लुगड्याखाली झोपणारं खोकं, तिच्याकडे ओळखपत्र मागत होतं! मदत-क्रमांकावरचा तो बिचारा पोरगा अगदी खरं बोलत होता. आपल्याकडचं कोणी पलीकडच्याकडे कागद मागत असेल, ही शंका माझ्या सात पिढ्यांत कोणाला आली नसती. मी नवा पासवर्ड लिहून लिहून त्या खोक्याच्या संशयाला उलट खतपाणीच घालत होते.

पण खोकं असं का वागतंय? मशीनमध्येच माहितीची पानं असतात, ती उघडली. घाईने नजर फिरवली तर एक वाक्य सापडलं, आणि ते वाचून मी टुणकन उभीच राहिले. एरवी हे मशीन कोणाला काही विचारत नाही. पण त्याच्याकडे इंटरनेटला जाणारा एक रस्ता आधीच असेल, तर मात्र नव्याने जोडू पाहणाऱ्याला ते ओळख विचारतं. आधीचा रस्ता? आमच्या घरात? मशीनला विचारलं, तुझे रस्ते दाखव. त्याने इमानदारीत दाखवला. जळगावच्या क्लासमधल्या मोठ्या संगणकाचा पत्ता! तो क्लास बंद पडला, तो मोठा संगणक कोणा व्यापाऱ्याकडे गेला, त्या गाळ्यात आता साड्या विकतात. पण आमच्या खोक्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ते आपलं अजून समजत होतं की जगाकडे जायचा आपला रस्ता जळगावातून जातो, आणि म्हणून दारात आलेल्या खऱ्या रस्त्याला हाकलून देत होतं.

एका ओळीचा हुकूम दिला आणि तो मेलेला रस्ता पुसून टाकला. स्टार नव्व्याण्णव हॅश. 'कनेक्ट'. मी फुईचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या माझ्या तळव्यात रुतल्या. ओळी पळायला लागल्या. आपण बोललो, ते बोलले, आपण बोललो, ते बोलले, कोणी कोणाला काही विचारलं नाही, आणि एकदम आकड्यांचा एक पत्ता उमटला. आमचा पत्ता! "जुडनं! फुई, जुडनं!" मी किंचाळले. फुईला ओ का ठो कळलं नव्हतं, तरी ती माझ्याहून मोठ्याने किंचाळली. मायने परसातून विचारलं, काय पडनं वं? झोक्यावरच्या पोरी दारात गोळा झाल्या. मी वेड्यासारखी हसत होते. आजवर मी पुष्कळ मशीनं जोडली, मोठमोठी जोडली, पण त्या दुपारचा आनंद पुन्हा कधी तसा अंगात भिनला नाही, हे मान्य करायलाच हवं.

चॅटवर पोचले तेव्हा चार वाजले होते. देशमाने मॅडम म्हणून कोणी बाई प्रश्न विचारत होत्या. नाव काय, फोन नंबर काय? कुठून बोलता? जोडताना काय अडचण आली? मी मराठी इंग्रजी अक्षरांत बडवत सगळं सांगितलं, मेलेला रस्ता, संशयी खोकं, सगळं. कसं सापडलं, असं त्यांनी विचारलं. मी लिहिलं, आमच्या फुईने विचारलं, पहिले कोण बोललं. मला वाटलं, झालं, हसं झालं. मग आलं, फुई म्हणजे कोण? आत्या, मी लिहिलं. त्यावर हसण्याची खूण आली आणि पुढे प्रश्नांची सरबत्तीच. शाळेत लाईट नसेल तर? मास्तर मशीनला हात लावायला घाबरत असतील तर? पोरं फक्त खेळच खेळत बसली तर? मी बोटं थांबू दिली नाहीत. मला उत्तरं येत होती! एकेक उत्तर जणू आधीपासून हातात तयार होतं. इतक्यात इन्व्हर्टर टुंई टुंई करायला लागला. पडद्यावर मॅडमची ओळ उमटली, 'एक शेवटचं विचारते, वैशाली,' आणि पडदा काळा झाला.

आबा ओट्यावरून धावत आले, बॅटरीच्या तारा हलवून पाहिल्या, पण ती संपली होती. शेवटचं काय विचारायचं होतं? हो म्हणणार होत्या की नाही म्हणणार होत्या? मी पोत्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागले. फुई पाठीवरून हात फिरवत होती आणि माय हाताला पीठ तसंच घेऊन दारात उभी होती. आणि फोन वाजला. केबलला बांधलेलाच होता तो. माझा हात पुढे जाईना. आबांनी केबल ओढून काढली आणि फोन कानाला लावला.

"हां, बोला," ते म्हणाले. मग बराच वेळ ऐकत राहिले. तिकडचा बाईचा आवाज मला ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा 'एकटी' असं काहीतरी ऐकू आलं, मग 'घरचे'. शेवटचा प्रश्न कोणता होता ते मला कळलं. आणि तो मला विचारायचा नव्हताच, आबांना होता. मी डोळे मिटून घेतले.

आबा साहेबलोकांशी बोलताना जी शुद्ध भाषा काढायचे, त्या भाषेत एकेक शब्द सावकाश ठेवत म्हणाले, "मॅडम, ते सगळं ठीक आहे. आमची मुलगी हजर कधी व्हायची, तेवढं सांगा."

फुईने तोंडावर पदर धरला. आबा पुन्हा ऐकू लागले, हां हां करत मान हलवू लागले. चुलीच्या आणि उन्हाच्या धगीने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, कपाळावरचा घाम भुवयांत उतरत होता. फोन कानाला तसाच ठेवून, बोलायची बाजू हाताने झाकून ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "साक्रीकडे थंडी बहू पडस वं. गोधडी संगे लई जाजो."